कानसेनाच्या गॅरेजमधली शिट्टी

कानसेन हे नाव त्याला आळीनं चेष्टेत ठेवलं आणि पठ्ठ्यानं तेच गॅरेजच्या पाटीवर रंगवून घेतलं. यावरून माणूस ओळखा! जुन्या, थकलेल्या गाड्यांचा हा मेकॅनिक. लाकडी मुठीचा हातभर स्क्रू-ड्रायव्हर चालू इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. तेवढा वेळ गिऱ्हाइकानं तोंड मिटायचं, हा गॅरेजचा नियम. कोणी नुसतं खाकरलं तरी कानसेन एक डोळा उघडून असा बघायचा, की खाकरणारा खोकलासुद्धा गिळून टाकायचा. मग निकाल लागायचा, "वॉटर पंप जायला आलाय," किंवा "बेअरिंग गेलं." आणि निकाल खरा निघायचा, त्यामुळे आमची बोलतीच बंद.

डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, की गाडीच्या पोटातला बिघाड कोडच्या रूपानं वाचून दाखवणारा स्कॅनर जावयानं त्याला हौसेनं आणून दिला होता. कानसेनानं त्याचं नाव ठेवलं 'चुगलखोर' आणि त्याला पान्यांच्या खणात डांबलं. "हा फक्त तक्रारी सांगतो. गाडीचं दुखणं ऐकायला कान लागतो."

आणि नेमकी त्याच जावयाच्या वडिलांची गाडी दारात आली.

व्याही म्हणजे बोलका माणूस. इतका बोलका, की त्यांच्याकडचा रेडिओ म्हणे बिघडला तेव्हा महिनाभर कोणाला कळलंच नाही. गाडी जुनी ऑटोमॅटिक, त्यांच्या लेकाइतकीच लाडकी. "व्याहीबुवा, दिवा लागलाय आणि गिअर बदलताना अशी दचकते, जणू मागून कोणी गुद्दा घातला! दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. तुमच्यावर भरवसा."

कानसेनानं मूठ कानाला लावली. आत बारीक, लांबलचक शिट्टी. "गिअरबॉक्सचं बेअरिंग. गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

"अहो, चुगलखोर लावून तरी बघा," बायको म्हणाली. तीही दुपारी गॅरेजातच असायची, सुटे भाग आणि नवऱ्याचा पारा सांभाळत.

"काय?"

"काही नाही. तुम्ही ऐकताय कधी माझं!"

गिअरबॉक्स उतरला. खोलला. बेअरिंग पुसून उजेडात धरलं, बोटावर फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. दुसरं फिरवलं, तेही तसंच. तेल स्वच्छ, दातेरी चाकं धडधाकट. कानसेन स्टुलावर बसला आणि टेबलावर मांडलेल्या त्या निरोगी आतड्यांकडे बघत राहिला.

आणि शिट्टी आली.

इंजिन बंद. गिअरबॉक्स टेबलावर. गाडी हवेत, स्टँडवर. वाजणार काय, डोंबल?

त्यानं उठून कॉम्प्रेसर बंद केला. पंखा बंद केला. बॅटरीच्या चार्जरची पिन उपटली. शेवटी मेन स्विचच खाली पाडला. गॅरेज मुकं झालं. शिट्टी तशीच.

"तुला ऐकू येतंय?"

"काय ऐकू येतंय?"

"ही शिट्टी!"

बायकोनं मान तिरकी केली, दारापर्यंत जाऊन आली. "कसली शिट्टी? चिटपाखरू नाही इथं."

कानसेनानं दोन्ही कानांत बोटं घातली. शिट्टी मोठी झाली.

तो परत स्टुलावर बसला. शिट्टी त्याच्या डोक्यात होती. मग एकेक गाडी डोळ्यांपुढून जायला लागली. फुलवाल्याची व्हॅन. शिक्षिकाबाईंची लाल गाडी. हल्ली सगळ्यांच्याच गिअरबॉक्सांत एकच शिट्टी कशी, हा प्रश्न त्या कानाला पडला नव्हता. बाईंचं तर चांगलं बेअरिंग काढून त्यानं स्वतः भंगारात टाकलं होतं, वर त्यांना ऐकवलं होतं, "वेळेवर आणलीत म्हणून वाचलात."

"अगं, पाटीवर काय लिहिलंय आपल्या," तो एवढंच म्हणाला.

बायकोनं मेन स्विच वर केला, खण उघडला, चुगलखोर काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "कानाच्या डॉक्टरकडे उद्या जाऊ. आधी व्याह्यांची गाडी."

गाडीला जोडताच तिनं जपून ठेवलेला कोड स्कॅनरनं निमूट दाखवला, वेग मोजणाऱ्या सेन्सरचा. वायर धरून कानसेन बोटानं मागं मागं गेला. एका पत्र्याच्या कडेला घासून ती उघडी पडली होती, आत अर्धी तुटली होती. गाडीला स्वतःचा वेग मधूनच कळेनासा व्हायचा, म्हणून ती दचकत होती. गिअरबॉक्सला हात लावायचं कारणच नव्हतं.

नेमके व्याही हजर! टेबलावरचा पसारा त्यांनी वाकून बघितला. "बेअरिंग... गेलेलंच होतं ना?"

'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. कोणाच्या बापाला कळलं नसतं.

"बेअरिंग धड आहे. वायर तुटली होती. शिट्टी माझ्या कानात आहे, व्याहीबुवा. तुमची गाडी उगाच फाडली मी."

व्याही गप्प. आळीच्या इतिहासात असं घडलं नव्हतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "म्हणजे लग्नाच्या बैठकीत मी बोलत होतो, तुम्ही मान डोलवत होतात... ते ऐकू येत होतं ना?"

"तेव्हा... येत असावं."

"असावं?" व्याही मटकन टायरवर बसले.

गिअरबॉक्स परत चढला, वायर जोडली. गाडी चालू झाली, दिवा विझला. सवयीनं कानसेनानं स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि मूठ कानाजवळ नेता नेता थांबला. बायकोनं ती त्याच्या हातातून काढून स्वतःच्या कानाला लावली.

"जुना फ्रिज गुरगुरतो तसं."

"एकसारखं? की मध्ये अडखळतंय? शिट्टी नाही? नीट ऐक, खाली—"

बायकोनं एक डोळा उघडला.

"तोंड मिटा."

कानसेनानं मिटलं. व्याह्यांनीही.