देवाले बी मदत लागते

बावाजींसमोर 'देवाची मर्जी' म्हणायची सोय नव्हती. मशीनचा पट्टा तुटो की शिवारात गारपीट होवो, कुणी हे दोन शब्द उच्चारले की ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, "कोणत्या देवाची? माहा तर असं करत नाही." नांदुऱ्याच्या आमच्या, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगचे ते मॅनेजर, आणि गावातले शेवटचे पारशी. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी मी ते शब्द अजून जपूनच वापरतो.

रोज सकाळी मशिनं सुरू होण्याआधी ते सूर्याकडे तोंड करून कमरेचा पवित्र धागा, त्यांची कस्ती, सोडत आणि प्रार्थना म्हणत पुन्हा बांधत. मी तिथला फिटर. एकदा चिडवायला म्हणून विचारलं, देवाकडे रोज एवढं काय मागता?

"मागत नाही बे, हजेरी लावतो. अहुरमज्द भला आहे, पण तो अहरिमन रोज त्याचं काम बिघडवून राह्यला. देवाले बी मदत लागते."

देव सगळं करू शकतो असं ऐकत वाढलेल्या मला हा देव फारच गरीब वाटला. मी मनसोक्त हसलो होतो.

एका हंगामात रोलर साफ करायला मी मशीनची संरक्षक जाळी काढली आणि चहाच्या नादात बसवायची विसरलो. मशीनमध्ये कापूस टाकताना आमच्याकडच्या मजूर सरजाबाईची तीन बोटं गेली. सगळे म्हणाले, नशीब तिचं. मीही म्हणालो, सगळ्यांत मोठ्याने. नोकरी जाईल ही भीती होती, आणि जाळी काढताना मला कुणी पाहिलं नव्हतं.

बावाजींनी मला गोदामामागे नेलं.

"जाळी देवानं काढली होती काय?"

मी निघायला वळलो, तर त्यांनी थांबवलं.

"चालू करायच्या आधी पाहणं माहं काम होतं. मी पाह्यलं नाही. मालकाले तसं सांगून आलो. आता तुहं तू ठरव."

ते रागावले नाहीत, याचाच मला राग आला. दोन रात्री झोप नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. बावाजी सोबत आले, पण बाहेर बाकावरच बसले. सरजाबाईला मी सगळं सांगून टाकलं आणि शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. तिने पट्टी बांधलेला हात उचलून पाहिला. मग हळूच म्हणाली, "म्हंजे हे माह्या पापाचं फळ नव्हतं?"

"नाही माय. तुहं काहीच नव्हतं. माहं होतं."

तीन दिवसांत ती तेव्हा पहिल्यांदा रडली.