न लागलेला ठसका

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांना सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरवर आणलं, तेव्हा आई येईल त्याला सांगायची, "गिळायला काही त्रास नाही हो. एकदाही ठसका लागला नाही." मलाही ते चांगलंच लक्षण वाटायचं. तरी त्यांना पुन्हा पुन्हा ताप यायचा, छाती घरघरायची. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला आणि गिळण्याची तपासणी करायला पाठवलं.

तिथल्या थेरपिस्ट बाईंनी बाबांना पांढरं औषध कालवलेलं पाणी पाजलं आणि मला एक्स-रेचा पडदा दाखवला. पाण्याची एक बारीक रेघ अन्ननलिका सोडून श्वासनलिकेत उतरत होती. बाबांचा चेहरा मात्र शांत होता.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"खांसी नहीं आई, डर इसी बात का है," बाई मला म्हणाल्या. घशाच्या अस्तरात संवेदना टिपणारी सूक्ष्म टोकं असतात, असं त्यांनी समजावलं. घास कुठवर आला, गार आहे की गरम, ही खबर ती मेंदूला देतात. वाट चुकली तर ठसका लागतो. बाबांच्या घशातून ती खबर निघतच नव्हती. असंच चाललं तर पोटात नळी घालून अन्न द्यावं लागेल, असंही त्या म्हणाल्या.

घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून सगळे मलाच विचारायचे. मी समाजशास्त्र शिकते. बाईंनी सांगितलं तेवढंच मला ठाऊक होतं, तेही नीट समजलंय की नाही, याची खात्री नव्हती.

बाईंच्या सांगण्याप्रमाणे जेवणाआधी लिंबाच्या रसात बुडवलेला बर्फगार चमचा बाबांच्या घशाच्या तोंडाशी टेकवायचा, म्हणजे ती टोकं जागी व्हावीत. पाणी पावडर घालून दाट करायचं, म्हणजे ते सावकाश उतरेल. हनुवटी छातीकडे झुकवूनच गिळायचं.

पण बाबांना भांड्याला ओठ न लावता, मान मागे टाकून वरून पाणी प्यायची जन्माची सवय. एका दुपारी त्यांच्या ऑफिसातले एक शिपाई भेटायला आले. त्यांच्यासाठी आईने साध्या पाण्याचा तांब्या ठेवला होता. बोलता बोलता बाबांनीच तो उचलला आणि गटगट प्यायले.

"वाह भाईसाहब, आप तो बिल्कुल फिट हो गए!" पाहुणे खूश झाले.

मी धावले. "बाबा, आ म्हणा."

आवाज ओला होता, पाण्याखालून आल्यासारखा; म्हणजे पाणी वाट चुकलं होतं.

"खोका, जोरात खोका!"

"अगं, काही झालं नाही मला."

"कळत नाहीये तुम्हाला, बाबा!"

मी त्यांच्यावर ओरडले, तेही पाहुण्यांसमोर. ते मुकाट्याने खोकले. त्यानंतर कित्येक दिवस मी लेक्चर सोडून घरी यायचे आणि आधी त्यांच्या कपाळाला हात लावायचे. ताप आला नाही, पण का आला नाही हेही मला माहीत नव्हतं.

पुढच्या तपासणीत रेघ श्वासनलिकेच्या तोंडाशी थांबली. नळीचं सध्या लांबवू, बाई म्हणाल्या. घरी समोर बसून साधं पाणी एक चमचा देऊन बघा.

घरी बाबांनी चमचाभर पाणी तोंडात घेतलं, हनुवटी खाली केली आणि तसेच थांबले. डोळ्यांनीच विचारत होते, गिळू? आईही माझ्याकडेच बघत होती. कोणाला विचारावं, असं त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"गिळा," मी म्हणाले.