दुसऱ्या शिक्षिकेसाठी लखनौच्या खेपा

दिनकरराव पाळंदे यांना मी प्रथम पाहिलं ते शाळेत पंखे घेऊन आले तेव्हा. काशीतल्या मंगला गौरी मंदिराजवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत पाच इयत्ता होत्या आणि शिक्षिका मी एकटी. दिनकररावांची रेशमी साड्यांची पेढी. सरकारी शाळा सुधारायला बनारसच्या व्यापाऱ्यांनी जे मंडळ काढलं होतं, त्याचे ते अध्यक्ष. काशीत दान केलं की नाव लिहायची रीतच आहे. पंख्यांच्या पात्यापात्यावर कुणाकुणाच्या पूज्य पिताजींची नावं रंगवलेली होती. हार झाले, भाषणं झाली. मग मी सांगितलं, शाळेत वीज नाही.

मंडळी हसली. दिनकरराव हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले, मुलींच्या चटईवर बसले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला काय हवंय ते विचारायचंच राहिलं."

मी वैतागलेलीच होते. म्हटलं, "आणखी एक शिक्षिका. देता?"

"ती तर सरकारच देणार."

"मग सरकारला सांगा. माझं कोण ऐकतंय?"

बोलून मी मोकळी झाले. त्यांनी ते मनावर घेतलं. पुढे शासनानं उद्योजकांची राज्यस्तरीय सल्लागार समिती नेमली, तीत ते गेले. इतरांना भिंती रंगवायच्या होत्या, संगणक वाटायचे होते. हे दर बैठकीला एकच म्हणत, आधी शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा. सभासद कंटाळले, अधिकारी टाळू लागले. एकदा मीही सोबत लखनौला गेले. दिवसभर अधिकाऱ्याच्या दाराबाहेर बाकावर बसलो आणि संध्याकाळी चपराशी म्हणाला, "साहब तो निकल गए." मला रडू आलं. दिनकररावांनी डब्यातली दशमी पुढे केली. "खाऊन घ्या बाई. परत यायचंय."

गौरवग्रंथात भांडण लिहू नये म्हणतात, पण आमचं भांडण झालं होतं. मंडळातले व्यापारी स्वतःच्या पगारावर शिक्षिका ठेवायला तयार झाले आणि दिनकररावांनीच नको म्हटलं. मी पेढीवर जाऊन त्यांना वाटेल ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "आम्ही नेमलेली बाई आमची पेढी बुडाली की जाईल. आणि सरकार म्हणेल, भागतंय की." मला ते पटलं नाही. कित्येक महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. तरी लखनौहून आले की शाळेच्या दारात उभं राहून काय झालं ते सांगायचे. बहुतेक वेळा काहीच झालेलं नसायचं.

समितीची शिफारस शेवटी मान्य झाली. आमच्या शाळेतली दुसऱ्या शिक्षिकेची जागा भरली, ती माझ्या निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी. मी बघायला गेले. दोन वर्गांतून दोन बायकांचे आवाज येत होते. बाहेरच्या पायरीवर बसून मी बराच वेळ ते ऐकलं. मग पेढीवर जाऊन म्हटलं, "दिनकरराव, तुमचं बरोबर होतं. पण मी फार थकले हो." ते म्हणाले, "मीही."

आज ते पंचाहत्तर वर्षांचे झाले. दुसऱ्या शाळांसाठी अजून लखनौला जातात, गुडघे धरून गाडीत चढतात. इथं सगळे त्यांच्या हातून आणखी कार्य घडो म्हणतील. मी म्हणणार नाही. दिनकरराव, तुम्ही खूप जगा, धडधाकट राहा आणि आता घरी बसा. पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाला तरी जाऊ द्या. कुणीच निघालं नाही, तर मला निरोप पाठवा. मी येते.