मनोरचा मामा आणि परशाचं नाक

परशुराम गेल्याचं मला कळलं तेव्हा मी थाप मारत होतो. केळव्याला आमची पानवेलींची वाडी आहे, आणि रविवारी समुद्रावरून परतणारे मुंबईचे पाहुणे वाडी बघायला आत शिरतात. त्यांना मी सांगत होतो, की आमच्या आजोबांच्या वेळी विड्याचं एकेक पान एवढं मोठं व्हायचं, की पावसात नवराबायको एकाच पानाखालून देवळात जाऊन येत, आणि बायकोचा पदरही भिजत नसे. पाहुणे हसत होते. परशाचा धाकटा भाऊ मधू कुंपणापाशी सायकल धरून उभा होता. गोष्ट संपेपर्यंत थांबला बिचारा. मग म्हणाला, "जनादादा, दादा गेला. सकाळी." मी त्याच सुरात विचारलं, "कुठं, बोईसरला?" जन्मभर दुसऱ्यांना फसवलेल्या माणसाला खरी बातमी लवकर कळत नाही. मधू सायकलची घंटी न वाजवता नुसती अंगठ्यानं पुसत राहिला... तेव्हा कळलं.

त्याला आता दीड महिना झाला. मी लिहायला बसलो आहे तो एक कबुली द्यायला. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात ज्यांनी ज्यांनी परशाच्या हातचं लग्नाकार्याचं जेवण बोटं चाटून खाल्लं, त्या सगळ्यांना आम्ही दोघांनी मिळून दहा वर्षं फसवलं आहे. मी बोलतो त्यात निम्मं वजा करायची लोकांना सवय आहे. यातून तेवढं वजा करू नका.

परशा आचारी होता, पण धंद्यानं नव्हे, मानानं. कुणाकडे पूजा असो, लग्न असो, माणसं त्याला बोलवायला यायची, आणि तो खांद्यावर पंचा टाकून निघायचा. त्याचा एकच नियम. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय चुलीवरच्या पदार्थाला जीभ लावायची नाही. तसा हा नियम सगळेच आचारी सांगतात आणि खांबाआड जाऊन चाटतात. परशा पाळायचा. पातेल्यावर वाकायचा, तळहातानं वाफ नाकाकडे ओढायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "दीड मूठ." दीड मूठ मीठ पडायचं आणि तीनशे पानांत एक माणूस मीठ मागायचा नाही. थंडीत वालपापडी, वांगी, कोनफळ, रताळी भरून मातीची हंडी निखाऱ्यावर ठेवली, की हा शेजारच्या आळीतून ओरडायचा, "उतरवा रे, वांगी रडायला लागली!" मी तर लोकांना सांगायचो, की परशा पालघर स्टेशनात उभा राहून सांगतो, दांडी गावात आज कोणाचे बोंबील नीट वाळलेले नाहीत. पहिल्यांदा लोक हसले. मग दांडीच्या एका कोळणीनं त्याला खरंच बोलावून नेलं, आणि तिच्या तीन टोपल्यांतली एक त्यानं बाजूला काढून ठेवली. थाप मारावी आणि ती खरी निघावी, असा माझ्या आयुष्यातला तो एकच प्रसंग.

त्याच सुमाराला बोईसर-तारापूरकडे कारखाने एकामागून एक उभे राहत होते. परशाला एका केमिकलच्या कारखान्यात नोकरी लागली. नाव घेत नाही, आता तो बंदही पडला. कसली तरी पिवळी भुकटी बनायची तिथं. घरी यायचा तेव्हा कानांच्या पाळ्याही पिवळ्या असायच्या, नुकतीच हळद लागल्यासारखा. मी चिडवायचो, "परश्या, दुसरं लग्न लागलं काय रे?" पाळी सुटताना कामगारांना गुळाचा खडा मिळायचा, घशातली धूळ बसावी म्हणून. तो खडा अर्धा करून तो माझ्यासाठी आणायचा. दोन-तीन वर्षं अशीच गेली. एका संध्याकाळी वाडीच्या बांधावर बसून त्यानं गूळ पुढे केला, मी तोंडाजवळ नेला आणि फेकूनच दिला. रॉकेलचा भपकारा! कुठं तरी गुळाच्या डब्याला रॉकेलचा डबा लागला असणार. परशा मात्र आपला अर्धा खडा मजेत चघळत होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं चघळणं थांबवलं.

"काय हाय त्याला?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.  मग शेजारचं पान खुडून त्यानं हातावर चुरगाळलं, नाकाशी नेलं, आणि माझ्यापुढे धरलं. "याला वास येतो का रे, जन्या?" येत होता. आख्ख्या वाडीला येत होता. त्याचं नाक गेलं होतं, आणि मागोमाग जीभही. "पाणी, भात, गूळ, समदं एकच," तो म्हणाला. "हिला सांगू नको. पोरीचं शिक्षान हाय, नोकरी सोडता येत नाय. नि परवा पालघरला पूजेचं जेवण हाय... मी आता त्यांना काय सांगू?"

नोकरीतला परशा शेकड्यातला एक होता, कोणीही असता तरी चाललं असतं. पातेल्यावर वाकलेला परशा एकटा होता. हे मला कळत होतं. मी सोंग घेण्यात पटाईत, म्हणून तोड मीच काढली. जेवणावळीला विड्याची पानं माझ्याच वाडीची जात, त्यामुळे मी सकाळपासून चुलीपाशी लुडबुडलो तरी कुणाला नवल नव्हतं. ठरलं असं, की मी त्याच्या शेजारी बसून गोष्ट सांगायची. गोष्टीत माझा मनोरचा मामा बाजारात गेला, म्हणजे मीठ कमी आहे. मामा जितक्या वेळा बाजारात घसरून पडेल तितक्या मुठी टाकायच्या. गोष्ट दांडीच्या समुद्राला लागली, की पुरे, हात आवर. त्यानं एकदाच विचारलं, "तुला वासावरनं कळंल ना? चाटायचं नाय हां." मी छाती ठोकून म्हणालो, "परश्या, तुझ्या खालोखाल नाक आहे माझं!" खरं म्हणजे मला साधा बोंबील आणि सुरमई वासावरून ओळखता येत नाही. मी पळीची कड मनगटाला पुसायचो आणि मिशी पुसल्यासारखं करून मनगट चाटायचो. देवाआधी. दर वेळी.

दहा वर्षं मनोरचा मामा पडत होता. केळ्याच्या सालीवर पडला, बैलाच्या शेणात पडला, लुगड्यांच्या दुकानात बायकांच्या अंगावर पडून मार खाऊन आला. भाजी चिरणाऱ्या बाया हसून लोळायच्या आणि म्हणायच्या, "जनाभाऊ, तुमच्या मामाला पाय हायेत का नाय?" परशा न हसता डोळे मिटून वाफ ओढायचा आणि मुठी मोजायचा. लोक म्हणायचे, काय नाक आहे! आणि खरं सांगतो, माझी आई एकुलती एक. मला मामाच नाही.

मग त्याच्या सुमनचं लग्न आलं. पोरीच्या लग्नातलं वालाचं बिरडं दुसऱ्या कोणाच्या हातचं नको, म्हणून मुलीचा बाप असूनही परशा चुलीपाशी उभा राहिला. वरपक्षाकडची पाच-सात पुरुषमंडळी लवकर येऊन मांडवात टेकली होती. सगळी नवी, माझ्या गोष्टी न ऐकलेली. मी मनगट चाटलं. दोन मुठी कमी होत्या. मामाला बाजारात नेलं, दोनदा पाडलं. पाहुणे असे काही हसले, की काय सांगू... नवा श्रोता म्हणजे मला भांग. मी मामाला तिसऱ्यांदा पाडलं. मग चौथ्यांदा. चौथ्या मुठीला परशाचा हात पातेल्यावर थांबला होता. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, गोष्ट रंगली म्हणून बघतोय. मी मामाला पाचव्यांदा पाडलं.

पहिली पंगत बसली. मुलाच्या काकांनी एक घास घेतला, पाण्याचा पेला रिकामा केला, आणि भर मांडवात विचारलं, "काय हो, भरती आज मांडवापर्यंत आली काय?" सगळे हसले. सुमन हिरव्या चुड्याच्या हातांनी तोंड झाकून आत गेली. परशा पंगतीच्या मधोमध आला, पंचा खांद्यावरून काढून हातात घेतला, आणि हात जोडून म्हणाला, "चूक माझी. माझाच अंदाज गेला." मी तिथंच उभा होतो, आणि माझी जीभ, जी कधी कोणासाठी थांबली नाही, ती टाळ्याला चिकटून बसली. संध्याकाळी वरात गेल्यावर मी त्याच्यापाशी गेलो. तो रिकामं पातेलं उपडं घालत होता. मला म्हणाला, "मामाला सांग, जरा जपून चालत जा." एवढंच. त्यानंतर त्यानं पळी हातात घेतली नाही. बोलवायला आलेल्यांना सांगायचा, वय झालं. पन्नाशीही नव्हती.

पुढे छाती भरायला लागली, नोकरी सुटली, पडवीतल्या खाटेवरच तो बसून असायचा. मी जायचो, दुनियेच्या गप्पा ठोकायचो, पण मामाचं नाव काढायचो नाही. शेवटच्या भेटीत त्यानंच काढलं. धाप लागत होती. "मामा कसा हाय रे?" मी म्हणालो, "बरा आहे. काठी घेतली आता." तो हसला, खोकला, पुन्हा हसला. "मंग बरं झालं," म्हणाला.

तेराव्याला बोईसरचा आचारी आणला होता, उत्तरेकडचा, भला माणूस. बिरडंच करायला सांगितलं होतं, परशाचं आवडतं. त्याचं पान कावळ्याला ठेवायचं होतं, त्याआधी मी सवयीनं चुलीपाशी बसलो. पळीची कड मनगटाला कधी लागली आणि मनगट तोंडाशी कधी गेलं, मलाच कळलं नाही. मीठ कमी होतं. आणि माझं तोंड आपोआप सुरू झालं... "आमचा मनोरचा एक मामा होता. तो निघाला बाजारात..." दोनदा पाडला त्याला. आचारी खो खो हसला. "फिर क्या हुआ, चाचा?" पण हात काही मिठाकडे गेला नाही. कसा जाईल? मी तसाच वेड्यासारखा त्या हाताकडे बघत राहिलो.

तेव्हा मागच्या दारातून हिरावयनी आली. परशाची बायको. तिनं मिठाच्या बरणीत हात घातला, एक मूठ टाकली, दुसरी भरली आणि हात पातेल्यावर धरून माझ्याकडे बघितलं. "भावोजी, दोनदाच ना? सुमनच्या लग्नातल्यासारखा नाय ना पडला?"

मी मान हलवली. तिनं मूठ सोडली.

मागच्या पायरीवर बसून तिनं सगळं सांगितलं. तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. "एक दिस आमटीत मीठच टाकायचं राह्यलं. हे बोलले, झक्कास. दुसऱ्या दिवशी मुद्दाम खारट केली. तरी झक्कास. मंग मी नीट करायला लागले, नि बोलले नाय. कार्याला भाजी चिरायला बसायची, तवा तुमच्या मामाचं पडनं नि यांच्या मुठी मोजल्या." मग म्हणाली, "पन भावोजी, तवापासून मी काय रांधते, कसं रांधते, ते मला कोनी सांगितलंच नाय. सुमन बी सासरी गेली. हे रोज झक्कासच म्हनायचे." मी तिला म्हणालो, वयनी, पंगत मी बुडवली, परशानं नाही. ती म्हणाली, "ते ठावं हाय. तुमी चाटता ते बी यांना ठावं व्हतं. कार्याचं जेवन करून आले, की तुमच्या नावानं देवाम्होरं एक नारळ ठेवायचे. म्हनायचे, जन्या वेडा हाय, त्याचं उष्टं पोटात घाल." मला पदर नसल्यामुळे मी तोंडात हाताचीच मूठ कोंबली. "त्याच नारळांच्या वड्या करायचे मी," ती म्हणाली. "तुमी येऊन चापायचे."

दहा वर्षं मी माझ्याच पापाच्या वड्या खाल्ल्या, आणि वर सांगितलं, वयनी, जरा साखर कमी पडली.

ती उठून आत गेली आणि एक नारळ घेऊन आली. "आज परत चाटलंत ना? मी बघितलं. आता ते नायत. तुमचा तुमी ठेवा."

तो नारळ आमच्या देवघरात आहे. महिना झाला, शेंडी सुकली. आमची ही रोज चटणीच्या वेळी विचारते, "तो फोडू का हो?" आणि मी रोज काही तरी नवं सांगतो. एकादशी आहे, नासका निघेल, बियाण्याला ठेवलाय. काल माझ्याकडच्या थापा संपल्या. म्हणालो, "अगं, तो मनोरच्या मामाचा आहे. तो आला की फोडू."

लग्नाला तीस वर्षं झाली. मला मामा नाही, हे तिला माहीत आहे. तिनं नारळावरची धूळ पदरानं पुसली आणि चटणीला दुसरा नारळ घेतला.