जेलरबाई आणि परके देव

आयुष्यात मी मनापासून राग राग केला तो एकाच माणसाचा. लातुरातल्या आमच्या होस्टेलच्या रेक्टरबाईंचा. आम्ही मुली त्यांना जेलरबाई म्हणायचो आणि ते नावही त्यांच्यावर मेहेरबानीच होती.

घरून येणारे डबे त्या स्वतः उघडायच्या. लाडवांखाली मोबाइल सापडला की लाडूही जप्त. "मायबापानं हितं शिकाया धाडलंय, हुंदडाया न्हाई," हे ऐकून कान किटले होते.

सुट्टीत कंधारला घरी निम्मं वाचलेलं माझं पुस्तक असंच शेंगदाण्याच्या चटणीखाली सापडलं. ग्रीक पुराणांतल्या देवांच्या जगात एक पोरगी धाकट्या भावाला सोडवायला पाताळात उतरते, अशी लहान मुलांची कादंबरी. मला तिचं वेड लागलं होतं. आमच्या बौद्ध घरात देव नव्हतेच, त्यामुळे या परक्या देवांची भांडणं मी बिनधास्त मजेत वाचायचे. पोरगी पाताळातल्या नदीशी पोचली आणि पुस्तक गेलं.

दोन दिवसांनी बघते तर बाई फाटकाशी खुर्ची टाकून तेच वाचताहेत! माझा तिळपापड झाला. वर जेवताना टोमणे: "कसले देव म्हनायचे हे? लेकरं जन्माला घालतेत अन् ढुंकून बघत न्हाईत. आमच्या माहूरच्या रेणुकेनं एकेकाला सोलून काढलं असतं." पुढे काय झालं विचारलं, तर "टेस्टचे मार्क दाव, मग सांगते." मार्क कमी पडले की पोरगी नदीकाठीच ताटकळत उभी. माझीच गोष्ट मला बाईंच्या शिव्यांसकट ऐकावी लागली, याचा राग अजून येतो. रंगवून मात्र छान सांगायच्या.

मेडिकलला माझा नंबर लागला नाही. माझे वडील, आबा, पेटी न्यायला आले. त्यांच्यादेखत बाई कडाडल्या, "हुशार पोरगी, पार माती केली!" आणि पुस्तक माझ्या हातात आदळलं. "घे. शेवट वाचला न्हाई मी."

"का?"

"पुस्तक तुझं. तुझ्या आधी कसा वाचू? वाच आता, मोठ्यानं."

त्या चांगुलपणाचाही मला संताप आला. आबांनी पेटी खाली टेकवली. मी उभ्या उभ्या, दातओठ खात, भराभर वाचू लागले. भाऊ सापडला, पण तो बहिणीला ओळखेना.

"हळू वाच की," बाई ओरडल्या. "येष्टी चुकली तर दुसरी हाय."

लातुरात वर्षभर जो तो मला पेपर सोडवायचा वेग वाढव म्हणत होता. हळू म्हणणारी ही एकटीच. मला भडभडून आलं. मी ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.