‘कोयता’ शब्दाचं पान

“एकट्यानं लिहिल्यालं नगं, पोरी. लई जनांनी लिहिल्यालं दाव.”

हनुमंतनाना वाचनालयाच्या उंबऱ्यात चपला काढतानाच हे म्हणायचे. ना नमस्कार, ना चमत्कार. तिसगावच्या बाजारपेठेच्या टोकाला हे वाचनालय. आत एक लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्रं, कोपऱ्यात एक कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढं वाचनालय सांभाळणारी पंकजा.

नाना पलीकडच्या वस्तीवरचे, पन्नाशी ओलांडलेले. सातवीपर्यंत शिकले आणि मग उभा जन्म ऊस तोडण्यात गेला. गेल्या हंगामात ते फडावर गेले जोडीनं आणि परत आले एकटे. बायको गोजरबाई तिकडं पाचटाच्या कोपीतच तापानं फणफणली आणि दोन-चार दिवसांत संपली. नाना रडले नाहीत. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. लोक म्हणाले, आत साचलंय, कधीतरी फुटेल. पंकजाला तसं कधी वाटलं नाही. विहीर आटून तळाचा खडक दिसावा, तसे नाना दिसत. जेवायचे, म्हशीला पाणी दाखवायचे, आणि ऊन कललं की वाचनालयात यायचे.

पहिल्यांदा आले ते गोजरबाईचा मोबाईल घेऊन. तो चार्ज होत नव्हता. कुणीतरी व्हिडिओत सांगितलं म्हणून नानांनी तो तांदळात पुरून ठेवला होता. तांदळाचा भात होऊन खाऊन झाला, मोबाईल होता तसाच. तेव्हा पंकजानं शोधून एक साईट काढली. तिथं जगभरचे दुरुस्तीवाले मिळून लिहितात. एक जण फोटो टाकतो, दुसरा त्यातली चूक सुधारतो, तिसरा विचारतो की हे तुम्ही स्वतः करून पाहिलंय का. अशा साईटला विकी म्हणतात, हे तिनं नानांना समजावून सांगितलं. मजकूर इंग्रजी होता, तिनं मराठीत सांगितला. नानांनी काडीनं मोबाईलच्या तोंडातली माती उकरली. मोबाईल सुरू झाला. त्यात तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाचे मिस कॉल होते, दुसरं काही नव्हतं.

“चालतोय,” नाना म्हणाले आणि तो खिशात घातला.

मग रोजच सुरू झालं. आज झाडांची विकी, उद्या पाखरांची. एक नकाशाची सापडली. तिच्यात कुणीही रस्ता काढू शकतो, तर नानांनी आपल्या वस्तीची पाऊलवाट काढून घेतली. कुठली विकी कामाची आणि कुठली ओस पडलेली, हे ओळखायची पंकजाची रीत होती. शेवटची दुरुस्ती कधीची ते बघायचं, खाली संदर्भ दिलेत का ते बघायचं. नानांची रीत वेगळी होती. ते म्हणायचे, “त्यांचं चर्चेचं पान उघड.” तिथं वाद चाललेला दिसला की मान हलवायचे. “हितं भांडत्यात. म्हंजी घरात मानसं हायती.”

टेबलाशी पेपर वाचणारे सहादेवआबा चष्म्यावरून बघायचे. “हनम्या, आरं आमच्या पारावर ये की. भांडनं फुकट हायती. कॉम्प्युटर कशाला लागतोय?”

“तुमच्या पारावर तुमी एकटंच बोलता, आबा.”

आबा हसायचे. नाना हसायचे नाहीत. उत्तर तेवढं चोख द्यायचे.

पावसाळा सरत आला तसा काकासाहेब मुकादम ऊसतोडीची टोळी बांधायला बाजारात फिरू लागला. आता इथं एक सांगायला हवं. आमच्या भागात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, त्या दोघांचा मिळून एक कोयता. टोळी माणसांवर मोजत नाहीत, कोयत्यांवर मोजतात. आणि जोडीतलं एक गेलं की मागं राहतो तो अर्धा कोयता.

काकासाहेबानं चहाच्या टपरीवर चारचौघांत हाक मारली होती. “नाना, औंदा तुमचा अर्धा कोयता धरतो. दुसरा अर्धा बघून जोडून दिऊ.”

“मी अर्धा दिसतो व्हय रं?”

“आवो, बोलायची रीत हाय ती. मी काय पदरचं बोललो का?”

नाना तिथून थेट वाचनालयात आले. त्या दिवशी चपला काढायच्या राहिल्या. “त्यो एकटा म्हनतोय. लई जन काय म्हनत्यात, बघ.”

पंकजानं मराठी शब्दांची विकी उघडली. ‘कोयता’च्या पानावर एकच ओळ होती. ऊस, झाडोरा तोडण्याचे वाकडे हत्यार. ‘अर्धा कोयता’ शोधलं, तर काहीच आलं नाही.

“न्हाई ना?” नाना म्हणाले. “मंग न्हाईच ते.”

त्यांना एवढंच हवं होतं. आपल्याला कुणी अर्धा म्हणू नये. म्हणणार असतील, तर आपण त्या टोळीत जायचं नाही.

“पण नाना, जोडीचा अर्थही नाही इथं. घालायचा का?”

नानांनी सांगितलं, पंकजानं टाईप केलं. ऊसतोडणीला एकत्र जाणारे पती-पत्नी. नाना ओळीकडं बघत राहिले.

“ह्यात गोजराचं नाव बसतंय का?”

“नाही नाना. शब्दकोश आहे हा.”

“ऱ्हाऊ दे मंग.”

दुसऱ्याच दिवशी चर्चेच्या पानावर कुणीतरी विचारलं, याला संदर्भ काय? पंकजानं ऊसतोडीवरच्या एका लेखाचा दुवा दिला. ओळ टिकली. नाना रोज येऊन ती जागेवर आहे ना, ते बघायचे आणि जायचे. मुकादमाला त्यांनी निरोप धाडला, औंदा येत न्हाई.

दसरा झाला. टोळ्या निघायला लागल्या. त्या दुपारी पंकजानं पान उघडलं आणि तिचा हात थांबला. नानांच्या ओळीखाली नवी ओळ आली होती. अर्धा कोयता: जोडीदार नसलेला तोडणी मजूर.

“वाच की,” नाना म्हणाले.

तिनं वाचलं. आबांनी पेपर खाली केला.

“कोन हाय त्यो?”

“ओळखीचं नाव नाही. थांबा, चर्चेत काहीतरी लिहिलंय.” तिनं पान उघडलं आणि सावकाश वाचलं. “‘आई गेल्यावर माझ्या वडिलांना सगळे असंच म्हणायचे. वडील त्यानंतर सात हंगाम तोडीला गेले. हा शब्द कुठंच लिहिलेला सापडला नाही म्हणून लिहितो.’ त्याच्याखाली अजून दोघं-तिघं आहेत. आमच्याकडंही असंच म्हणतात, आमच्याकडंही.”

बाहेर एक ट्रॅक्टर गेला. ट्रॉलीत भांडी, गाठोडी, बायामाणसं.

“काढू का नाना? मला काढता येतं. संदर्भ नाही म्हणून काढते.”

खरी ओळ काढायची चूक करायला ती तयार होती. नाना गोजरबाईसाठी रडले नाहीत, निदान या ओळीसाठी तरी चिडतील, असं तिला वाटलं. तिला ते हवंही होतं.

नानांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. “त्येचा बाप हाय का अजून?”

“ते लिहिलं नाही.”

“काढू नगं. पोरानं बापाचं लिहिलंय. खोटं कशाला लिहील त्यो?”

“पण तुम्हीच म्हणाला होता, असा शब्द नाहीच…”

“म्हनलो हुतो. आता लई जन म्हनत्यात.” ते उठले. “काकासायेबाची टोळी सुटली नसंल ना अजून?”

“हनम्या, बस की वाईच,” आबा म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. “च्या सांगतो.”

“नगं आबा. गाडी भरत आसंल. म्हशीचं कुनाला तरी सांगावं लागंल.”

नाना बाहेर पडले. पंकजा दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागं आबाही आले, पेपर तसाच हातात धरून. बाजार उठत होता, वाटेत भाजीची पानं पडली होती. नाना रस्त्याच्या कडेनं, ना घाईनं ना सावकाश, ट्रॅक्टर उभे असतात तिकडं चालत गेले. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. गर्दीत नानांची टोपी दिसायची बंद झाली, तरी दोघं दारातच उभे होते.