पहिला कंदील मारुतीला

कोणी काही विचारलं की ते आधी हातातल्या पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचे, मग बोलायचे. नवी वस्तू अशी उघड्यावर का मांडता, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "बघू द्या की. बघून झिजतंय व्हय?"

चिखलीत त्यांचं पत्र्याचं काम चाले. डबे, नरसाळी, कंदील. तुम्हीही असे कारागीर पाहिले असतील. त्यांच्या दारात सायकल टेकवली की निघायला उशीर होतोच. मी शाळेत मास्तर होतो. माझा उशीर तिथेच व्हायचा.

एका वर्षी त्यांनी नवा कंदील केला. तेलाची टाकी कैरीच्या घाटाची, आणि कैरीचं टोकच वळत वर जाऊन त्याची कडी झालेली. नव्या घडणीचा पहिला नग मारुतीला, हा त्यांच्या घरचा रिवाज. हनुमान जयंतीला सगळं गाव त्या कंदिलाखाली उभं होतं. मीही होतो.

पुढे मीच त्यांना सांगितलं, अशा घाटाची सरकारदरबारी नोंद होते. मग दुसऱ्या कुणाला तो करता येत नाही.

"येवढ्याशा वाकाची?" ते हसले.

मी चित्रं काढली, समोरून, बाजूने, वरून. इंग्रजीत अर्ज लिहून कलकत्त्याला धाडला. घाट नवा आहे, आधी कुठे प्रसिद्ध झालेला नाही, हे वाक्य माझ्याच अक्षरात होतं. नोंदीचा कागद आला तेव्हा त्याच्याही कडेवरून त्यांचा अंगठा फिरला.

वर्षभरात पुण्याच्या एका व्यापाऱ्याने हुबेहूब तसाच कंदील यंत्रावर काढून स्वस्तात बाजारात आणला. दुकान टिकायचं तर त्याला थांबवणं भाग होतं. आम्ही वकिलाकडे गेलो.

वकिलांनी कागद चाळले. "अर्जाआधी हा कंदील कुणी पाहिला होता?"

"समद्या गावानं. मारुतीपुढं हाय न्हवं."

वकिलांनी चष्मा काढला. "मग नोंद टिकायची नाही. आधीच चारचौघांत आलेली वस्तू कायद्याला नवी नसते." चष्मा पुसत ते म्हणाले, "देवळात नंतर लावला म्हणा. कोण बघायला जातंय?"

"मारुतीचा दिवा म्या मागंपुढं करू? न्हाई जमायचं, वकीलसाहेब."

जिना उतरताना मी म्हणालो, "चूक माझी आहे. अर्ज लिहिताना मी विचारायला हवं होतं. मी तर तिथे उभा होतो."

"चला मास्तर, गाडी चुकंल."

दुकान बंद झालं. ते पिंपरीच्या एका कारखान्यात लागले, झाकणं काढायच्या यंत्रावर. वाटेत भेटले की मी विचारायचो, कसं चाललंय?

"चाललंय की. येकसारखी झाकनं. डोळं मिटूनबी हुत्यात."

काही वर्षांनी ते गेले. मी भेटायला गेलो. त्यांच्या बायकोने घोंगडी अंथरली, चहा ठेवला.

"मास्तर, तुमी किती मागं लागला हुता," ती म्हणाली, "आधी अर्ज धाडा, मग कंदील लावा म्हनून. ह्येंनीच ऐकलं न्हाई. शेवटपत्तुर म्हनत हुते, मास्तरांचं ऐकाया पायजे हुतं."

मी तसं कधीच म्हणालो नव्हतो.

तिने कपबशी पुढे केली. मी ती दोन्ही हातांनी घेतली, आणि "हो" म्हणालो.